सहा प्रश्नचिन्हांचे भिंगार

संगणकप्रणाली लिहिणाऱ्यांमध्ये एक समज घट्ट बसलेला आहे. डेटाबेसमध्ये मजकूर कोणत्या संकेतप्रणालीत साठवायचा हा डेटाबेस सांभाळणाऱ्याचा प्रश्न; प्रोग्राम लिहिणाऱ्याने रकाना ‘स्ट्रिंग’ म्हणून जाहीर करावा आणि पुढे जावे; एखाद्या रकान्यात इंग्रजीपलीकडची लिपी येणार असलीच, तर तेवढ्यापुरता युनिकोडचा फ्लॅग लावावा. ऐकायला हे समंजस वाटते. जिथे गरज तिथेच खर्च, असा त्यातला हिशेब. मला हा समज चुकीचा वाटतो, आणि ज्या राज्याचा कारभार मराठीत चालतो तिथे तर तो नुकसान करणारा आहे. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. मजकुराचा रकाना काहीही खूण न लावता जाहीर केला की त्यात जगातली कोणतीही लिपी मावली पाहिजे. ज्याला फक्त रोमन अक्षरांपुरता अरुंद रकाना हवा असेल, त्याने खूण लावून तो मागावा. आणि रकान्यात न मावणारे अक्षर आलेच, तर नोंद नाकारली जावी. ती बदलून किंवा कापून गुपचूप साठवली जाऊ नये.

ज्यांचा या कामाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. जावा, पायथॉन किंवा सी-शार्पमध्ये प्रोग्राम लिहिणारा आता डेटाबेसची भाषा स्वतः फारशी लिहीत नाही. तो ‘रहिवासी’ नावाचा एक क्लास लिहितो, त्यात नाव, गाव, घर क्रमांक अशी फील्ड मांडतो, आणि त्यावरून टेबल तयार करणे, नोंद घालणे, शोधणे ही कामे एक मधली लायब्ररी करते. तिला ओआरएम म्हणतात. जावात हायबरनेट, पायथॉनमध्ये जँगो आणि एसक्यूएलअल्केमी, डॉटनेटमध्ये एन्टिटी फ्रेमवर्क ही त्यातली मोठी नावे. प्रत्येक फील्डला काही फ्लॅग लावता येतात: रिकामे चालेल का, एकच नोंद दोनदा चालेल का, लांबी किती, आणि काही लायब्रऱ्यांत, मजकूर युनिकोड आहे का. वाद या शेवटच्या फ्लॅगचा आहे. तो लावला नाही तर काय गृहीत धरायचे, एवढाच प्रश्न. पण त्या गृहीतावर लाखो लोकांची नावे शाबूत राहणार की नाही हे ठरते.

अहिल्यानगरला लागून असलेल्या भिंगारचेच नाव घेऊ. वाचणाऱ्याला त्यात तीन अक्षरे दिसतात: भिं, गा, र. युनिकोडमध्ये मात्र ती सहा संकेतांकांची ओळ आहे: भ, त्याची ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वार, ग, काना, र. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेतांक ३ बाइट घेतो, म्हणून १८ बाइट. यूटीएफ-१६ मध्ये प्रत्येकी २, म्हणून १२ बाइट. आता हे नाव मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘व्हारचार’ प्रकारच्या रकान्यात घालू. हा प्रकार एखाद्या कोडपेजवर, म्हणजे ठरावीक अक्षरांच्या यादीवर, चालतो, आणि विंडोजने मराठी किंवा हिंदीला स्थानिक एक-बाइटी कोडपेज कधी दिलेच नाही. या भाषा तिथे पहिल्यापासून फक्त युनिकोडवर चालतात. त्यामुळे नेहमीच्या कोडपेजच्या त्या रकान्यात भिंगारच्या सहाही संकेतांकांना जागा सापडत नाही आणि सर्व्हर प्रत्येकाच्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवतो. सहा प्रश्नचिन्हे. कोणतीही त्रुटी दाखवली जात नाही, नोंद यशस्वी झाल्याचा संदेश येतो, अर्ज भरणारा निघून जातो. आणि ही हानी भरून येणारी नसते. सहा प्रश्नचिन्हांवरून मूळ शब्द भिंगार होता की सहा संकेतांकांचे दुसरेच काही, हे सांगण्याचा मार्ग जगात कुणाकडे नाही. मजकूर बिघडला असता तर दुरुस्त करता आला असता. इथे तो नष्टच झालेला असतो.

‘रकाना एनव्हारचार, म्हणजे युनिकोडचा, करायला हवा होता, ती डेटाबेसवाल्याची चूक’ असे उत्तर यावर मिळते. पूर्वी, टेबल हाताने बनवली जात होती तेव्हा, या उत्तरात तथ्य होते. आज टेबल बनवते कोण? मॉडेल, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला क्लास, वाचून मायग्रेशन, म्हणजे टेबल बनवण्याच्या आज्ञा, तयार करणारी ओआरएम लायब्ररीच. हायबरनेटमध्ये स्ट्रिंग फील्ड काहीही खूण न लावता जाहीर केले, तर एसक्यूएल सर्व्हरवर त्याचा व्हारचार होतो. एनव्हारचार हवा असेल तर त्या फील्डवर ‘नॅशनलाइज्ड’ अशी खूण लावावी लागते, किंवा सगळ्या प्रकल्पासाठी एक सेटिंग चालू करावे लागते, जे मुळात बंद असते. एसक्यूएलअल्केमीतही ‘स्ट्रिंग’ आणि ‘युनिकोड’ असे दोन वेगळे प्रकार आहेत आणि पहिल्याचा तिथे व्हारचार होतो. म्हणजे रकान्याचा आकार ठरवणारी पहिली आणि बहुतेक वेळा शेवटची व्यक्ती म्हणजे मॉडेल लिहिणारा प्रोग्रामर. दुसरे असे की रकाना रुंद असून भागत नाही. मूल्य सर्व्हरकडे पाठवताना ते कोणत्या प्रकारचे म्हणून पाठवले हेही महत्त्वाचे असते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये शब्दाच्या अवतरणचिन्हाआधी एन हे अक्षर लावले नाही, तर एनव्हारचारच्या रकान्यातही प्रश्नचिन्हेच पोहोचतात. रकाना कसा आहे आणि मूल्य कसे पाठवायचे, ही दोन्ही टोके एकाच वेळी फक्त ओआरएमला दिसतात. ज्याला दोन्ही दिसतात, जबाबदारी त्याचीच.

आता ‘आमच्याकडे मराठी वर्षानुवर्षे व्यवस्थित चालते आहे’ हा दाखला. तो खोटा नसतो, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. मायएसक्यूएलमध्ये २०१८ साली आलेल्या ८.० आवृत्तीपर्यंत मूळ संकेतप्रणाली लॅटिन-१ होती. प्रोग्रामने यूटीएफ-८ मधले बाइट पाठवले आणि डेटाबेसने ते लॅटिन-१ समजून ठेवले, तर भिंगारची १८ निरर्थक रोमन चिन्हे होतात. डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए आणि त्याला चिकटलेले चार टोकांचे चलनचिन्ह, ही जोडी सहा वेळा येते, कारण भिंगारच्या प्रत्येक संकेतांकाचे पहिले दोन बाइट तेच आहेत. तोच प्रोग्राम त्याच चुकीच्या समजुतीने ते बाइट परत वाचतो आणि पडद्यावर नीट भिंगार उमटते. दोन चुका एकमेकींना झाकतात. पण डेटाबेसच्या लेखी तिथे मराठी शब्द नसतोच. लांबी मोजली तर १८ येते, अकारविल्हे लावायला गेले तर क्रम भलताच लागतो, आणि ज्या दिवशी दुसरा एखादा प्रोग्राम प्रामाणिकपणे यूटीएफ-८ म्हणून जोडला जातो त्या दिवशी अहवालभर ते तिरक्या रेघांचे ए दिसू लागतात. हे दुरुस्त करता येते, एवढेच त्यातल्या त्यात बरे. पण ‘चालते आहे’ याचा अर्थ इथे ‘अजून दुसऱ्या कुणी वाचलेले नाही’ एवढाच असतो.

महाराष्ट्राने हा प्रकार याआधी एकदा भोगलेला आहे. मराठी संगणकावर आली ती पुण्याच्या सी-डॅकच्या आणि मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या संचांमधून. त्या काळाची ती मोठी सोय होती आणि तिचे श्रेय कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण त्या फाँटांच्या मजकुरात रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. डेटाबेसला तो मजकूर रोमन वाटे आणि फाँट लावला की माणसाला मराठी दिसे. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते, म्हणून साठवतानाही बहुधा आधीच ठेवली जाई. व्हारचारचा रकाना पुरतो हा आजच्या प्रोग्रामरांचा अनुभव काही अंशी त्या दिवसांचा वारसा आहे. तो पुरत होता, कारण त्यात मराठी साठवलीच जात नव्हती. मराठीचे चित्र साठवले जात होते. देवनागरीचे योग्य मानक तेव्हाही होते. १९९१ चे भारतीय मानक १३१९४, म्हणजे इस्की, यात वेलांटी उच्चाराच्या क्रमाने अक्षरानंतरच येते, आणि युनिकोडमधल्या देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतलेली आहे. पण फाँटवर विसंबून लिहिलेले दस्तऐवज दुसऱ्या यंत्रावर नेताना कन्व्हर्टर शोधत बसावे लागते, ते काम आजही संपलेले नाही. त्यात नव्या प्रश्नचिन्हांची भर घालण्याचे काही कारण नाही.

फ्लॅग चुकीचा वाचला तर काय होते याचे एक उदाहरण ओआरएमच्या आतल्या थरातले आहे, आणि मला ते सर्वांत बोलके वाटते. मायएसक्यूएल उत्तर पाठवताना प्रत्येक रकान्याबरोबर त्याचा प्रकार आणि काही फ्लॅग पाठवतो. लांब मजकूर आणि नुसत्या बाइटांचा साठा, म्हणजे एखादे छायाचित्र वगैरे, या दोहोंना तिथे प्रकाराचा क्रमांक एकच असतो. फरक कळतो तो संकेतप्रणालीच्या क्रमांकावरून आणि ‘बायनरी’ या फ्लॅगवरून. पण अक्षरे तंतोतंत जुळवून तुलना करावी म्हणून एखाद्या मजकुराच्या रकान्याला ‘बिन’ प्रकारचा क्रम दिला, तरी तोच बायनरी फ्लॅग लागतो. पायथॉनच्या मायएसक्यूएलडीबी या जोडणीच्या जुन्या आवृत्त्या तो फ्लॅग पाहून अशा रकान्यातला मजकूर न उलगडता बाइटांच्या रूपात परत देत, आणि जँगोच्या कागदपत्रांत त्याबद्दल सावधगिरीची सूचना द्यावी लागली होती. परिणाम असा की पायथॉन २ मध्ये डेटाबेसमधून आलेले भिंगार आणि प्रोग्राममध्ये युनिकोड म्हणून लिहिलेले भिंगार यांची तुलना केली की उत्तर ‘समान नाही’ असे येई. तुलना कशी करायची याबद्दलची खूण ‘हा मजकूरच नाही’ अशी वाचली गेली. एका फ्लॅगवर दोन अर्थ लादले की असे होते. म्हणून मजकूर आणि बाइट हे दोन वेगळे प्रकारच असावेत, फ्लॅगने वेगळे ओळखायचे एकाच प्रकारचे दोन अवतार नसावेत. पायथॉनने २००८ साली तिसऱ्या आवृत्तीत नेमके हेच केले: स्ट्रिंग म्हणजे युनिकोड, बाइट म्हणजे बाइट. एसक्यूएलअल्केमीत स्ट्रिंगला ‘युनिकोडमध्ये बदला’ असे सांगणारा एक जुना फ्लॅग होता. नंतरच्या आवृत्त्यांतून तो काढून टाकावा लागला, कारण तो विचारत असलेला प्रश्नच उरला नव्हता.

लांबीचा फ्लॅग वरवर निरुपद्रवी दिसतो, पण तोही याच प्रश्नाचा भाग आहे. २०२४ साली अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. अहमदनगरमध्ये दिसणारी अक्षरे सात आणि संकेतांकही सातच, कारण त्यात ना काना ना मात्रा ना जोडाक्षर. अहिल्यानगरमध्ये दिसणारी अक्षरे सहा, पण संकेतांक दहा: वेलांटी, हलन्ताची खूण आणि काना वेगवेगळे मोजले जातात. डोळ्यांना नाव एका अक्षराने आखूड झाले. डेटाबेसला ते तीनाने लांब झाले. यूटीएफ-८ मध्ये २१ बाइटांचे ३० झाले. ओरॅकलमध्ये मजकुराच्या रकान्याची लांबी वेगळे काही सांगितले नाही तर बाइटांत मोजली जाते. म्हणजे ३० लांबीच्या रकान्यात अहिल्यानगर अगदी काठोकाठ बसते, आणि ‘भिंगार, अहिल्यानगर’ असा पत्ता, ज्याला ५० बाइट लागतात, नाकारला जातो. ओरॅकल निदान नाकारतो, कापत नाही, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. इथे ओआरएम किती चांगले काम करू शकते हेही दिसते. हायबरनेट ओरॅकलवर टेबल बनवताना लांबी अक्षरांत मोजण्याची सूचना आपणहून जोडतो. जँगो तिथे थेट राष्ट्रीय अक्षरसंचाचा प्रकार वापरतो. प्रोग्रामरने काहीही फ्लॅग न लावता योग्य तेच घडते. ज्या हायबरनेटला ओरॅकलवर हे सुचले, त्याने एसक्यूएल सर्व्हरवर खूण लावण्याचे ओझे प्रोग्रामरवर का टाकावे, याचे पटणारे उत्तर मला सापडलेले नाही.

‘मराठीपुरते पुरते ना, मग झाले’ असे म्हणणारेही आहेत, आणि त्यांना मोडीची आठवण करून द्यायला हवी. मायएसक्यूएलमधली ‘यूटीएफ-८’ नावाची जुनी संकेतप्रणाली खरे तर अपुरी आहे. ती एका संकेतांकाला ३ बाइटांपेक्षा जास्त देत नाही. देवनागरी ३ बाइटांत बसते, म्हणून मराठी प्रोग्रामरला त्यात काही खटकले नाही. पण मोडी लिपी, अंशुमान पांडे यांच्या प्रस्तावावरून, २०१४ साली युनिकोडच्या ७.० आवृत्तीत आली ती ४ बाइट लागणाऱ्या प्रदेशात. जुन्या ३ बाइटी रकान्यात मोडीचे अक्षर घातले तर सैल मोडमध्ये, म्हणजे न मावणारे मूल्यही नाकारले जात नाही तेव्हा, त्याच्या जागी प्रश्नचिन्ह येते किंवा तिथून पुढचा मजकूरच कापला जातो. कडक मोड मूळ सेटिंग म्हणून आला तो २०१५ च्या ५.७ आवृत्तीपासून. हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा नाही. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा जुने मोडी दस्तऐवज वाचणाऱ्यांची राज्यभर गरज पडली. अशा नोंदीचे मूळ मोडी रूप आणि देवनागरी लिप्यंतर शेजारी शेजारी ठेवावे, दोन्ही शोधता यावीत, ही अपेक्षा रास्त आहे. पुरे ४ बाइट देणारी ‘यूटीएफ-८ एमबी-४’ ही संकेतप्रणाली मायएसक्यूएलमध्ये २०१० पासून आहे. ती टाळण्याचे कारण बहुधा एकच दिले जाई: जुन्या इन्डेक्सला, म्हणजे शोध जलद करणाऱ्या सूचीला, ७६७ बाइटांची मर्यादा होती, त्यात प्रत्येकी ३ बाइटांनी २५५ अक्षरे बसत आणि ४ बाइटांनी १९१च. इन्डेक्सची ही मर्यादा पुढे ३०७२ बाइटांवर गेली. ते कारण संपले, सवय मात्र उरली.

आता मुख्य आक्षेप: जागा आणि वेग. यात खरे तेवढे मान्य करू. रोमन मजकूर एनव्हारचारमध्ये ठेवला तर दुप्पट जागा लागते. समजा १ लाख रहिवाशांच्या नोंदी आहेत, प्रत्येकीत मजकुराचे ५ रकाने आणि प्रत्येकात सरासरी २० अक्षरे. जादा जागा होते १ कोटी बाइट, म्हणजे सुमारे १० एमबी. एवढ्यासाठी माणसांची नावे धोक्यात घालणे मला समर्थनीय वाटत नाही. शिवाय एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००८ आर-२ पासून दाबून साठवण्याची सोय चालू केली की युनिकोड मजकूरही दाबला जातो, आणि मायक्रोसॉफ्टच्याच आकड्यांनुसार इंग्रजीत आणि हिंदीतही ५० टक्के जागा वाचते. देवनागरीतली मराठी त्याच संकेतांकांत लिहिली जाते, तेव्हा तिची बचतही तेवढीच. जागेची काळजी करणारे काही जण २०१९ च्या आवृत्तीत आलेला यूटीएफ-८ चा व्हारचार सुचवतात. इंग्रजीला तो स्वस्त पडतो, पण मराठीला प्रत्येक संकेतांकामागे २ ऐवजी ३ बाइट, म्हणजे दीडपट. तो वाईट पर्याय नाही, त्यात अक्षर हरवत नाही. पण बचतीच्या नावाखाली तो मराठी माणसाला विकू नये. वेगाचा आक्षेप अधिक गंभीर आहे. रकाना व्हारचार आणि पाठवलेले मूल्य एनव्हारचार असले, तर अनेकदा सर्व्हर तुलनेसाठी सगळा रकाना रूपांतरित करू लागतो, इन्डेक्स निरुपयोगी होतो आणि शोध मंदावतो. हे खरे घडते. त्यावर प्रचलित उपाय म्हणजे जावाच्या जोडणीत स्ट्रिंग युनिकोड म्हणून पाठवण्याचा फ्लॅगच बंद करणे. मुळात तो चालू असतो, आणि बरोबरच असतो. बंद केला की वेग परत मिळतो आणि त्या जोडणीवरून जाणारी मराठी नावे, रुंद रकान्यांतलीसुद्धा, वाटेतच प्रश्नचिन्हे होतात. आजार होता रकाना आणि मूल्य यांच्या विसंगतीचा. रकाना मुळातच रुंद असता तर विसंगतीच नसती. वेगाचे हे उदाहरण माझ्या विरोधात दिले जाते, पण ते माझ्याच बाजूचे आहे.

‘नावे रोमनमध्येच घ्या, वादच नको’ हा सल्ला भिंगारसारख्या गावात सर्वांत जास्त ऐकू येण्यासारखा आहे. हे छावणीचे गाव. इथली छावणी परिषद केंद्राच्या संरक्षण मंत्रालयाखाली, आणि शेजारचे जिल्हा प्रशासन, भूमी अभिलेख, महापालिका राज्याखाली. एकाच माणसाचे नाव एका दप्तरात रोमनमध्ये आणि दुसऱ्यात देवनागरीत असणे इथे स्वाभाविक आहे, आणि दोन्ही एकाच माणसाची आहेत हे कधी ना कधी जुळवावे लागते. रोमनमध्ये काळे आणि काले एकाच रीतीने लिहिले जातात. शेळके आणि शेलके यांत फरक उरत नाही. देवनागरीतून रोमनमध्ये जाता येते, पण परत येताना ळ, ण, ट, ठ कुठे होते हे कळत नाही. मग ज्या रूपात माहिती जास्त आहे ते मूळ म्हणून ठेवावे आणि दुसरे त्यावरून बनवावे, हे साधे तर्कशास्त्र आहे. राज्याचा राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. मराठीतला अर्ज ही नागरिकाने मागितलेली सवलत नाही, कारभाराची भाषाच ती आहे. तिच्यासाठी प्रोग्रामरने प्रत्येक फील्डवर आठवणीने फ्लॅग लावावा, ही रचनाच उलटी आहे. विसरणे माणसाचा धर्म आहे. विसरल्यावर नाव टिकले पाहिजे.

‘युनिकोड केले तरी सगळे सुटत नाही’ असे जाणकार म्हणतात, आणि ते बरोबर आहे. गोऱ्हे हे आडनाव दोन रीतींनी साठवता येते: ऱ चा स्वतंत्र संकेतांक आणि हलन्ताची खूण वापरून, किंवा साधा र, हलन्ताची खूण आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. दिसायला दोन्ही एकच. युनिकोडची प्रमाणीकरणाची नेहमीची पद्धतही या दोहोंना एक मानत नाही. ‘ॲड.’ मधला पहिला स्वर २००८ पासून स्वतंत्र संकेतांक आहे, पण कितीतरी कीबोर्ड तो अ आणि वरची चंद्रकोर असा दोन संकेतांकांनी लिहितात. तीही दोन रूपे आपोआप एक होत नाहीत. त्यामुळे ‘दुसरी नोंद नको’ असा फ्लॅग लावूनही एकच माणूस दोनदा नोंदला जाऊ शकतो. ळ ला ह नंतर ठेवणारा आपल्या शब्दकोशांचा क्रमही संकेतांकांच्या क्रमाशी जुळत नाही. हे सगळे सोडवायला हवे, आणि साठवण्याआधी मराठीला ठाऊक असलेली रूपे एकसारखी करणारी पायरी लायब्ररीत जोडता आली पाहिजे. पण यावरून युनिकोडचा आग्रह व्यर्थ ठरत नाही. दोन रूपांतले गोऱ्हे उद्या एक नियम लिहून एकत्र करता येतील. प्रश्नचिन्हांवर कोणता नियम लिहिणार?

राहता राहिला जुन्या प्रकल्पांचा मुद्दा. मूळ गृहीत बदलले तर चालू टेबलांचे आणि लायब्ररीचे जुळणार नाही, रकाने बदलताना सेवा थांबवावी लागेल, ही भीती मी हलकी मानत नाही. म्हणून जुन्यांना हात न लावता नव्या आवृत्तीत, नव्या प्रकल्पांसाठी गृहीत बदलावे. हे अशक्य नाही याचे पुरावे समोर आहेत. मायएसक्यूएलने २०१८ मध्ये ते केले. पायथॉनने दहा वर्षे आधी केले, मोठी किंमत मोजून, आणि आज त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. एन्टिटी फ्रेमवर्कमध्ये स्ट्रिंग मुळातच एनव्हारचार होते आणि अरुंद रकाना हवा असणाऱ्याला ‘युनिकोड नाही’ असा फ्लॅग लावावा लागतो. मी मागतो आहे तीच ही रचना, त्याच एसक्यूएल सर्व्हरवर, रोज चालणारी. पोस्टग्रेसमध्ये लॅटिन-१ च्या डेटाबेसला देवनागरी पाठवली तर तो प्रश्नचिन्ह ठेवत नाही. या अक्षराला इथे समतुल्य नाही असे सांगून नोंद नाकारतो. नाकारलेली नोंद खिडकीवरच्या माणसाला त्याच क्षणी दिसते, आणि अर्जदार समोर उभा असतानाच दुरुस्त होते.

सरकारी आणि निमसरकारी कामांच्या निविदा लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे. ‘प्रणाली मराठी भाषेला अनुकूल असावी’ असे मोघम वाक्य लिहून थांबू नका. मजकुराचा प्रत्येक रकाना पूर्ण युनिकोड असेल, अपवाद लेखी कारणासह नोंदवला जाईल, आणि न मावणारा मजकूर बदलून साठवला जाणार नाही, या तीन अटी घाला. काम ताब्यात घेण्यापूर्वी भिंगार, अहिल्यानगर, गोऱ्हे, काळे आणि मोडीतला एक शब्द अशा पाच नोंदी भरा, प्रोग्राममधून नव्हे तर थेट डेटाबेसमधून परत वाचा, आणि एकाही ठिकाणी प्रश्नचिन्ह दिसले तर काम स्वीकारू नका.